ब्रोशरवरचे ७७०० पौंड आणि दारावरचं स्टिकर: एसयूव्हीमागे ट्रॅव्हल ट्रेलर जोडताना

आजोळी बैलगाडी भरताना आजोबा मागच्या बाजूला जास्त पोती चढवू द्यायचे नाहीत. "उलाळ होईल गाडी," एवढंच म्हणायचे. उलाळ झालेल्या गाडीचं जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, जोत्यानं गळा आवळतो आणि चढावर बैल हतबल होतात. उलट सगळा भार पुढे आला तर मानेवर इतकं ओझं येतं की बैल वाटेतच बसतो. गाडी किती भरली यापेक्षा जुवावर किती आलं, यावर त्यांचं लक्ष असायचं.

डेन्व्हरमध्ये आम्ही पहिला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घ्यायला निघालो तेव्हा विक्रेत्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे एकच विचारत होते: तुमची गाडी किती ओढते? आजोबांचा प्रश्न कुणीच विचारला नाही. तो मला सुचायला एक फसलेली ट्रिप आणि ट्रकच्या काट्यावरची एक पावती लागली.

हा लेख अमेरिकेतल्या त्या मंडळींसाठी आहे ज्यांच्या दारात मध्यम आकाराची लक्झरी एसयूव्ही आधीच उभी आहे, पिकअप ट्रक घ्यायचा नाही, पण मुलांना घेऊन कॅम्पिंगला जायची हौस आहे. जमतं. फक्त आकडे योग्य क्रमानं बघायला हवेत.

आधी दार उघडा, मग ब्रोशर

ब्रोशरमधले ओढण्याचे आकडे साधारण असे दिसतात: ऑडी क्यू७ (मोठ्या इंजिनाची), मर्सिडीज जीएलई आणि पोर्शे कायेन ७७०० पौंड, बीएमडब्ल्यू एक्स५ ७२०० पौंड, व्होल्व्हो एक्ससी९० आणि ऑल-व्हील ड्राइव्हची ॲक्युरा एमडीएक्स ५००० पौंड, लेक्सस आरएक्स ३५० ३५०० पौंड. वर्ष, इंजिन आणि कारखान्यातून टो पॅकेज बसवून घेतलं होतं की नाही, यावर आकडा बदलतो. म्हणून तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या. टो पॅकेजमध्ये नुसता मागचा लोखंडी चौकोन नसतो. वायरिंग, सॉफ्टवेअर आणि पुष्कळदा जादा कूलिंगही त्यात येतं. बाहेरून हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा मागचा सांगाडा, बसवून घेतली म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही.

७७०० हा आकडा मुळात युरोपातला ३५०० किलोचा आहे, तो पौंडांत मांडलाय इतकंच. तिकडे कॅरावॅनचं, म्हणजे तिकडच्या ट्रॅव्हल ट्रेलरचं, नाकावरचं (गाडीवर टेकणारं) वजन बरंच कमी ठेवतात आणि त्याची भरपाई वेग कमी ठेवून करतात. जर्मनीत ट्रेलर मागे असताना साधी मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. अमेरिकेत ट्रेलर जड नाकाचे असतात आणि हायवेवर लोक त्यांना घेऊन ताशी ६५ मैलांनी पळतात. गाडी तीच असली तरी तिच्या पाठीवर येणारा भार इथे वेगळा असतो.

आता ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीत टायरच्या हवेचं पांढरं-पिवळं स्टिकर असतं. त्यावर एक वाक्य सापडेल: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. हा झाला पेलोड. ट्रेलरचं जे वजन हिचवर टेकतं, ते टंग वेट, म्हणजेच जुवावरचा भार, याच पेलोडमधून वजा होतं. अमेरिकन ट्रेलरसाठी हा भार भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावा असा ठोकताळा आहे. हिशेबाला मी १३ धरते.

आमच्या गाडीचं उदाहरण घ्या. ब्रोशर म्हणतं ७७००, हिचवर जास्तीत जास्त ७७०. स्टिकर म्हणतं पेलोड १२१० पौंड. आम्ही चौघं मिळून ४५५. गाडीतलं सामान, म्हणजे कूलर, खुर्च्या आणि मुलांचा पसारा, १५०. हिचमध्ये बसणारा बॉल माउंट आणि इतर लोखंड ३०. बेरीज ६३५. जुवासाठी उरले ५७५ पौंड. त्याला १३ टक्क्यांनी भागलं की भरलेला ट्रेलर येतो साधारण ४४०० पौंडांचा.

७७०० वरून ४४००, आणि अजून गाडी जागची हललेलीही नाही.

आता मे महिन्यात पुण्याहून आई-बाबा आले. मागच्या रांगेत जागा आहे, सीट बेल्ट आहेत, सगळे खुश. दोघांचं वजन २८०. जुवासाठी उरले २९५ पौंड, म्हणजे ट्रेलर जेमतेम २२०० पौंडांचा. एवढ्यात साधारण फायबरग्लासचा छोटा, दोन माणसांचा ट्रेलर येतो. आमच्याकडे आई-बाबा आले की दुसरी गाडी निघते, बाबा तिच्यात पुढे बसतात आणि ट्रेलर "बरोबर येतोय का" यावर मागून फोनवर समालोचन करतात. त्यांना ट्रेलरमध्येच बसवायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. चालू ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवायला बऱ्याच राज्यांत कायद्यानं मनाई आहे, आणि कायदा नसला तरी तिथे ना सीट बेल्ट असतो ना धडक सोसणारी भिंत.

ट्रेलर निवडताना

दुकानात लटकवलेला 'ड्राय वेट'चा आकडा वाचून हुरळू नका. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरुणं नाहीत, पुष्कळदा बॅटरी आणि गॅसही नाही. हिशेब करायचा तो जीव्हीडब्ल्यूआरचा, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या कमाल भरलेल्या वजनाचा. तो ट्रेलरच्या बाहेर, डाव्या बाजूला पुढच्या भागात लावलेल्या पट्टीवर असतो.

पाणी लोक हमखास विसरतात. गॅलनला ८.३४ पौंड. २५ गॅलनची टाकी भरली की दोनशेहून जास्त पौंड चढले. कॅम्पग्राउंडवर नळ असणार असेल तर टाकी रिकामी न्या, चहा-हात धुण्यापुरतं पाणी पुरे. टाकी ट्रेलरच्या कुठल्या भागात आहे तेही विचारा. मागच्या टोकाला असेल तर ती भरल्यावर जुवावरचा भार कमी होतो, पुढे असेल तर वाढतो.

फसवणारं उदाहरण म्हणून एअरस्ट्रीमचा २५ फुटी फ्लाइंग क्लाउड घेऊ. जीव्हीडब्ल्यूआर ७३०० पौंड. ७७०० पेक्षा कमी आहे, म्हणजे चालेल असं वाटतं. पण ७३०० चे १३ टक्के ९४९, आणि हिचची मर्यादा ७७०. वर माणसांचा पेलोड आहेच. त्याच कंपनीचा १६ फुटी बॅम्बी ३५०० पौंडांत बसतो. आमच्या वर्गातल्या गाड्यांना १६ ते २० फुटांचे ट्रेलर शोभतात. २५ फुटी चंदेरी ट्रेलर फोटोत सुंदर दिसतो, तो फोटोतच राहू द्या.

वजनाइतकीच महत्त्वाची ट्रेलरची छाती. उंच, सपाट तोंडाचा खोका हवेला अडवतो. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये समोरच्या क्षेत्रफळाची वेगळी मर्यादाच दिलेली असते. हायवेवर इंजिनची दमछाक वजनापेक्षा वाऱ्यानं जास्त होते.

हिच, वायर, ब्रेक

या गाड्यांना २ इंचाचा रिसीव्हर, म्हणजे मागचा तो लोखंडी चौकोन, असतो. त्यात बॉल माउंट, माउंटवर बॉल, आणि बॉलवर ट्रेलरच्या नाकावरचं कपलर बसतं. बॉलचे दोन माप जास्त भेटतील: २ इंच आणि २ ५/१६ इंच. कपलरवर माप कोरलेलं असतं, तेच घ्या. मोठ्या कपलरखाली छोटा बॉल बसल्यासारखा वाटतो, लॅचही लागते, आणि एखाद्या खड्ड्यात ट्रेलर सुटतो.

ट्रेलर रस्त्याला समांतर उभा राहिला पाहिजे. नाक वर असेल तर तो उलाळ. म्हणून वर-खाली पायरी असलेला बॉल माउंट मोजून घ्यावा लागतो. सपाट जागी ट्रेलर लेव्हल करा, कपलरची उंची मोजा, भरलेल्या गाडीच्या रिसीव्हरची उंची मोजा, आणि फरकाप्रमाणे माउंट निवडा. एअर सस्पेन्शन असेल तर आधी गाडी नेहमीच्या उंचीवर आणा.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच ही दोन स्प्रिंगदार सळ्यांची रचना मागच्या ॲक्सलवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर ढकलते. पिकअपवाले ती डोळे झाकून सुचवतील. पण काही युरोपीय कंपन्या मॅन्युअलमध्ये ती वापरायला स्पष्ट नाही म्हणतात, कारण हिचचा सांगाडा त्या पिळासाठी बनवलेला नसतो. शेजाऱ्याचं ऐकण्याआधी मॅन्युअल वाचा. 'नाही' लिहिलं असेल तर तिथे वाद नाही, लहान ट्रेलर घ्यायचा.

ब्रेकची मात्र हयगय नको. बहुतेक राज्यांत ३००० पौंडांच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात तर कॅम्प ट्रेलरला १५०० पौंडांपासूनच. ट्रॅव्हल ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात आणि त्यांना हुकूम देणारा ब्रेक कंट्रोलर गाडीत लागतो. पिकअपमध्ये तो डॅशबोर्डमध्येच असतो. आपल्या गाड्यांत बहुधा नसतो, आणि डॅशबोर्ड उघडून वायर ओढायला कुणाचं मन धजत नाही. त्यासाठी ७-पिनच्या प्लगमध्येच बसणारे वायरलेस कंट्रोलर मिळतात. घेताना 'प्रपोर्शनल' प्रकारचा घ्या. तो गाडी जितक्या जोरात थांबते तितक्याच जोरात ट्रेलर थांबवतो. नुसता वेळेवर चालणारा स्वस्त कंट्रोलर सिग्नलला धक्के देतो. आणि गाडीला ४-पिनचा चपटा प्लग असेल तर त्यातून दिवे लागतात, ब्रेक नाही. ७-पिनच हवा.

जोडणी, ओळीनं

हे काम एकानंच करावं आणि त्या वेळी कुणी त्याच्याशी बोलू नये. आमच्या घरी हा नियम कसा आला ते पुढच्याच परिच्छेदात कळेल.

ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चोक, म्हणजे चाक अडवायच्या पाचरी, लावा. जॅकनं नाक बॉलपेक्षा वर घ्या, मागच्या कॅमेऱ्यात बघत गाडी बॉल कपलरखाली येईपर्यंत मागे घ्या, पार्किंग ब्रेक लावा. नाक खाली सोडा, लॅच लावा, लॅचला पिन घाला. आता गंमत: जॅक पुन्हा वर फिरवा, गाडीची शेपटी इंचभर उचलेपर्यंत. उचलली म्हणजे कपलरनं बॉल पकडलाय. नाक एकटंच वर आलं तर पकडलेलं नाही. पहिल्या वर्षी मी नेमकं हे करत असताना मुलानं विचारलं की पोहे कुठल्या डब्यात ठेवलेत, आणि मी ही पायरी गाळली. पार्किंगच्या बाहेर पडतानाच ठक्क आवाज झाला. साखळ्या होत्या म्हणून बंपरवर एका ओरखड्यावर निभावलं.

साखळ्या ट्रेलरच्या नाकाखालून एकमेकींना छेद देत लावायच्या. कपलर सुटलंच तर नाक त्या झोळीत पडतं, रस्त्यावर नाही. वळताना ताणणार नाहीत इतक्या सैल, जमिनीला घासणार नाहीत इतक्या घट्ट. ब्रेकअवे केबल वेगळी, थेट गाडीच्या हिचला अडकवा, साखळीला नाही. ट्रेलर सुटला तर हीच केबल त्याचे ब्रेक दाबते. मग ७-पिनचा प्लग, जॅक पूर्ण वर, आणि दोघांनी मिळून दिवे बघायचे: डावा, उजवा, ब्रेक. शेवटी चोक काढायचे. चोक विसरणारे आम्ही एकटे नाही हे कॅम्पग्राउंडवर गेल्यावर कळतं.

ट्रेलरचे टायर बघा. 'एसटी' (स्पेशल ट्रेलर) छापाच्या टायरांना वेगळा उल्लेख नसेल तर ताशी ६५ मैलांची मर्यादा असते. बाजूच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. जुना ट्रेलर घेताना टायरचे खाचे छान दिसतात, कारण तो धावलेलाच नसतो, पण रबर उन्हात म्हातारं झालेलं असतं. पाच-सहा वर्षांच्या वरचे असतील तर बदला. चाक काढून बसवलं असेल तर पहिल्या ५० मैलांनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचनं आवळायचे.

काट्यावर

हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर 'कॅट स्केल'चा पिवळा-काळा फलक असतो. तिथे कुणालाही वजन करता येतं, फोनवरच्या ॲपनं पैसेही भरता येतात. हा खर्च पहिल्या ट्रिपच्या आधीच करा. काट्याला तीन वेगळे तक्ते असतात. पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर उभी करायची. गाडीत तीच माणसं, तेच सामान हवं. मग ट्रकवाल्यांना अडथळा होणार नाही अशा जागी ट्रेलर सोडून गाडी एकटी पुन्हा वजनाला न्यायची. २४ तासांत केलेलं दुसरं वजन स्वस्तात होतं.

आमची पावती ही अशी. ट्रेलरसह: पुढे २६७०, मागे ३६७०, ट्रेलरची चाकं ३५६०. एकटी गाडी: पुढे २८८०, मागे २९३०.

आता वहीत मांडा. ट्रेलरसह गाडीच्या चार चाकांवर ६३४०, एकटी असताना ५८१०. फरक ५३०, हा जुवावरचा भार. ट्रेलरचं खरं वजन ३५६० अधिक ५३०, म्हणजे ४०९०. त्याचे ५३० हे १३ टक्क्यांच्या आसपास. छान.

पण पावती अजून एक गोष्ट सांगते. मागच्या ॲक्सलवर ५३० नाही, ७४० पौंड वाढले. कारण हिच मागच्या चाकांच्याही मागे लोंबतं. शेपटी दाबली की सी-सॉसारखं पुढचं टोक उचललं जातं. पुढच्या चाकांवरून २१० पौंड गेले आणि ते मागच्यांच्या डोक्यावर बसले. स्टीअरिंग हलकं लागतं ते यामुळे. म्हणून दाराजवळच्याच दुसऱ्या पट्टीवर दिलेली मागच्या ॲक्सलची मर्यादा वेगळी तपासा. ओढण्याची क्षमता निम्मी शिल्लक असताना मागचा ॲक्सल काठोकाठ भरलेला असतो.

आमच्या गाडीचं कमाल वजन ६३८५, पावतीवर ६३४०. उरले ४५ पौंड. पटेल ब्रदर्सच्या २० पौंडी बासमतीच्या दोन पिशव्या गाडीत टाकल्या की संपलं. त्या दिवसापासून तांदूळ, कुकर आणि लोखंडी तवा ट्रेलरमध्ये, ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे जातो. ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला सायकलींचा रॅक लावायचा मोह होतो, तो टाळा. शंभर पौंड शेपटीला लटकले की जुवावरचा भार झपकन कमी होतो.

मोकळं मैदान

रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये दोन तास काढा. आधी ब्रेकचं माप जुळवा: ताशी २०-२५ मैलांवर कंट्रोलरचा हाताचा दट्ट्या दाबा, ट्रेलरनं मागे ठाम ओढलं पाहिजे पण चाकं जाम होऊन घासता कामा नयेत. जाम झाली तर गेन, म्हणजे कंट्रोलरवरचा ब्रेकचा जोर, एक पायरी कमी.

मग रिव्हर्स. स्टीअरिंग खालच्या बाजूनं, सहाच्या काट्यावर धरा. ट्रेलरची शेपटी डावीकडे न्यायची तर हात डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे. एवढंच. चुका होतात त्या हात जास्त आणि उशिरा फिरवल्यामुळे. थोडं वळवा, थांबा, ट्रेलरला उत्तर देऊ द्या. कोन फार झाला तर मागे रेटू नका, पुढे जाऊन सरळ करा. लांब ट्रेलरपेक्षा छोटा ट्रेलर मागे घ्यायला अवघड असतो, कारण तो पटकन दुमडतो. शंका आली की उतरा आणि बघा. उतरण्यात कमीपणा नाही. बाहेर उभं राहून दिशा दाखवणाऱ्या जोडीदाराला एक नियम: तो आरशात दिसला नाही तर ड्रायव्हरनं थांबायचं. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... अगं थांब!" या पद्धतीनं आमच्या लग्नाची परीक्षा झाली आहे.

७-पिन लावलेला नसेल तर गाडीला मागे ट्रेलर आहे हे कळत नाही. सेन्सर बोंबलतात आणि काही गाड्या रिव्हर्समध्ये आपोआप ब्रेक मारतात.

रस्त्यावर

वळण नेहमीपेक्षा उशिरा आणि मोठं घ्या. ट्रेलरची चाकं आतून कापतात आणि फुटपाथवर चढतात. ट्रेलर रुंद असेल तर आरशांना वाढवणारे आरसे लावा. मागचे २०० फूट दिसले पाहिजेत अशी बऱ्याच राज्यांत अट आहे. कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असताना मर्यादा ताशी ५५ मैल, बाकीकडे पाटी काही म्हणो, ६० ते ६२ वर गाडी सुखी असते. मायलेज निम्म्यावर येतं हे गृहीत धरा आणि टाकी अर्धी झाली की पंप शोधा. आत शिरण्याआधी बाहेर कसं पडणार ते बघा.

ऊसतोडीच्या दिवसांत साखर कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागची दुसरी ट्रॉली कशी झोकांड्या खाते ते पाहिलं असेल. हायवेवर ट्रेलरही तसे हेलकावे घेतो. मुख्य कारण उलाळ भरणं. त्यावर आडवा वारा, शेजारून जाणारा अठरा चाकी ट्रक, किंवा उतारावरचा वेग निमित्त होतो. ट्रक जवळ येताना हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते, मग आत ओढते. स्टीअरिंग घट्ट पण सरळ धरून ते जाऊ द्या. हेलकावे वाढायला लागले तर पाय ॲक्सिलरेटरवरून सावकाश काढा, स्टीअरिंगनं झुलत्या ट्रेलरचा पाठलाग करू नका, गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. कंट्रोलरचा दट्ट्या हातानं दाबा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. आधुनिक गाड्यांतली ट्रेलर स्टॅबिलिटी यंत्रणा स्वतःहून चाकांना ब्रेक लावते. तिनं काम केलं तर आभार माना, पुढच्या एक्झिटला थांबा आणि सामान पुढे हलवा.

घाटाचं वेगळं. डेन्व्हरहून आय-७० नं पश्चिमेला गेलात की आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, आणि पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांपर्यंतचा उतार. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी तिथे सुट्या खडीचे रॅम्प आहेत, त्यावरून समजून घ्या. चढताना टर्बो इंजिन विरळ हवेतही बरंच दम धरतं. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे लागा, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. उतरताना बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच वेग कमी आणि गिअर खालचा. टो मोड असेल तर लावा. इंजिनला गाडी धरू द्या. ब्रेक सतत टेकवून ठेवू नका. एकदा ठामपणे दाबून वेग दहा मैलांनी उतरवा, सोडा, थंड होऊ द्या, पुन्हा दाबा. खंडाळ्याच्या घाटात एसटीचे ड्रायव्हर कसे खालच्या गिअरमध्ये गुरगुरत उतरायचे, तेच.

पहिली ट्रिप मात्र घाटात नको. आम्ही दुसऱ्या प्रयत्नात चेरी क्रीक स्टेट पार्कमध्ये एक रात्र राहिलो. घरापासून अर्ध्या तासावर. विसरलेली उशी आणायला नवरा घरी जाऊन आला.

मुक्कामाच्या जागी

पहिल्यांदा 'पुल-थ्रू' जागा बुक करा, रिव्हर्स करावंच लागत नाही. आल्यावर आधी आडवं लेव्हल करा, एका बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून. मग चोक. चोक लागल्याशिवाय गाडी सोडायची नाही. मग जॅकनं पुढचं-मागचं लेव्हल, शेवटी कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर. ते डुगडुग थांबवायला आहेत, ट्रेलर उचलायला नाहीत.

विजेला ३० अँपियरचा प्लग आणि त्याआधी सर्ज प्रोटेक्टर. नळाला प्रेशर रेग्युलेटर, कारण काही कॅम्पग्राउंडचा दाब पाइप फोडतो. वॉटर हीटरचं विजेचं बटण टाकी भरल्याशिवाय दाबू नका, कॉइल जळते. संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह निघायच्या दिवसापर्यंत बंदच ठेवा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घन तिथेच साचतं, पुढचं वर्णन करत नाही. रिकामं करताना आधी संडासाची टाकी, मग सांडपाण्याची, म्हणजे होज आपोआप धुतला जातो. आणि फोडणी बाहेर, टेबलावरच्या गॅसवर द्या. आत मोहरी तडतडली की धुराचा अलार्म अख्ख्या कॅम्पग्राउंडला जेवायला बोलावतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी होती. ट्रेलर घेण्याआधी तुमच्या वसाहतीच्या एचओएचे (घरमालकांच्या संघटनेचे) नियम वाचा. आमच्याकडे ड्राइव्हवेवर ट्रेलर एक-दोन दिवसच चालतो, भरायला आणि रिकामा करायला. उरलेलं वर्ष तो वीस मैलांवरच्या भाड्याच्या जागेत राहतो, आणि भाडं दरमहा जातं. थंडी पडणाऱ्या राज्यात ऑक्टोबरमध्ये पाइपांतलं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं, बॅटरी काढून घरी आणायची. आमची बॅटरी सध्या गॅरेजमध्ये, सायकलींच्या रॅकशेजारी आहे.